शेवटचा फर्मा

जुनी पुस्तकं पुन्हा छापायच्या कामात पहिला प्रश्न पुस्तक चांगलं की सुमार, हा नसतो. पूर्ण प्रत कुठे मिळेल, हा असतो. चंद्रपुरात बसून मी पुण्या-नागपूरच्या प्रकाशकांसाठी जुन्या मराठी कादंबऱ्यांच्या संहिता तयार करते. प्रत शोधायची, अक्षरजुळणी करून घ्यायची, मूळ पानांशी ताडून मुद्रितं वाचायची, लेखकाच्या वारसांशी बोलायचं आणि शेवटी लेखकाची दोन पानांची ओळख लिहायची, असं या कामाचं स्वरूप. त्याआधी इथल्याच एका छापखान्यात मुद्रितशोधनाला होते. त्यामुळे खिळ्यांचा जमाना मावळताना आणि संगणकाचा उगवताना, दोन्ही जवळून पाहिलं. या सगळ्या वर्षांत एक गोष्ट मनात पक्की झाली. ज्या पुस्तकांवर लोकांनी सर्वांत जास्त जीव टाकला, तीच आज सर्वांत दुर्मीळ आहेत.

कारण साधं आहे. वाचनालयाच्या कपाटात साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं एखादं पुस्तक कोरं करकरीत सापडलं, तर ते फारसं कोणी घरी नेलेलंच नसतं. मागच्या पानावर डकवलेल्या चिठ्ठीवर तारखांचे दोन-तीन शिक्के दिसतात, बास. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेचं तसं नव्हतं. ती परत आली की टेबलावरूनच दुसऱ्याच्या पिशवीत जायची. स्वस्त कागद, बाजूने मारलेल्या दोन तारा, पातळ वेष्टण. थोड्याच दिवसांत तारा गंजायच्या, वेष्टण गळायचं, मग पहिला आणि शेवटचा फर्मा सुटायचा. फर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेली सोळा पानं. ग्रंथपाल दाखल नोंदवहीत त्या क्रमांकासमोर ‘जीर्ण’ असा शेरा मारायचे आणि पुस्तक हिशेबातून कमी व्हायचं. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. फाटकं पुस्तक ठेवून करायचं काय? पण अशा जुन्या नोंदवह्या वाचायला घेतल्या की पानामागून पान लाल शाईतला तोच शेरा दिसतो, आणि त्यासमोरची नावं बहुतेक लोकांच्या आवडत्या लेखकांची असतात. मला या नोंदवह्या वाङ्मयाच्या इतिहासाइतक्याच मोलाच्या वाटतात. लोकांनी खरोखर कोणाला वाचलं, याचा तो लेखी पुरावा आहे.

दुसरी आवृत्ती का निघाली नाही, असंही लोक विचारतात. त्याचं उत्तर छापखान्यात आहे. खिळे जुळवून छापायच्या काळात एक फर्मा छापून झाला की जुळाऱ्याला खिळे सोडून पुन्हा आपापल्या घरात टाकावे लागत, कारण पुढचा फर्मा त्याच खिळ्यांवर व्हायचा. म्हणजे पुस्तक छापून संपलं तेव्हा त्याची जुळणी कुठेच शिल्लक नसे. पुन्हा छापायचं तर पहिल्या ओळीपासून सगळं नव्याने जुळवा, नव्याने मुद्रितं तपासा. एवढा खर्च शालेय पुस्तकाला किंवा नामांकित कादंबरीला परवडायचा. महिन्याला नवी कादंबरी देणाऱ्या लेखकाच्या जुन्या पुस्तकावर तो कोण करणार? त्यापेक्षा नवीन छापलेली बरी, हा व्यवहार होता. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईकांनीही हजाराचा आकडा ओलांडला. त्यातल्या बहुतेक एकदाच छापल्या गेल्या, आणि एकदाच छापलेलं पुस्तक जितकं जास्त वाचलं जातं तितकं लवकर संपतं.

आमच्या भागात हे वाचक कोण होते, ते मी पाहिलं आहे. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात पाळीवर जाणारे, कोळसा खाणीतले, औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीतले. आणि त्यांच्याहूनही भुकेले म्हणजे जंगलात नेमणूक झालेले वनरक्षक, शिक्षक, आरोग्यसेवक, पोलीस. आलापल्लीच्या पुढे गेलेला माणूस पावसाळ्यात तिकडेच अडकायचा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटायचा. दिवे नाहीत, वर्तमानपत्र नाही, घरच्या पत्राचा पत्ता नाही. चंद्रपूरहून निघताना माणूस तांदूळ-डाळीबरोबर कादंबऱ्यांचा गठ्ठा बांधून न्यायचा. झुंजार, काळा पहाड, कॅप्टन दीप, गरुड ही रहस्यकथांतली मंडळी कंदिलाच्या उजेडात त्या चौक्यांवर आणि शाळांच्या वऱ्हांड्यांत अशी पोचली. या माणसांनी पुढे खांडेकर वाचले, चितमपल्ली वाचले, कोणी ‘ज्ञानेश्वरी’कडे वळले, पण वाचायची सवय कुठे लागली विचारलं तर बहुतेकांच्या तोंडून रहस्यकथेचंच नाव निघतं.

अशाच एका निवृत्त वनरक्षकांकडे मी सिंदेवाहीच्या बाजूला गेले होते. एका जुन्या रहस्यकथेची संहिता माझ्याकडे तयार होती, पण शेवटची सोळा पानं कुठेच मिळत नव्हती. वारसांची संमती अजून कागदावर यायची आहे, म्हणून पुस्तकाचं नाव इथे देत नाही. मिळालेल्या प्रत्येक प्रतीचा शेवटचा फर्मा गळालेला, आणि रहस्यकथेत खुनी शेवटच्या फर्म्यातच सापडतो. काकाजींकडे जुन्या कादंबऱ्या आहेत एवढंच कोणीतरी सांगितलं होतं. त्यांनी माजघरातून पत्र्याची पेटी ओढून आणली. वर कडुलिंबाचा वाळका पाला. खाली काही अख्खी पुस्तकं, खाकी फायलींच्या पुठ्ठ्यात टोच्याने शिवलेली. आणि एका बाजूला सुतळीने बांधलेला नुसत्या सुट्या फर्म्यांचा गठ्ठा.

“हे काय हो काकाजी?”

“शेवट आहेत जी. लोक पुस्तक नेतात अन् आणतच नाहीत. म्हणून शेवट माझ्याजवळ काढून ठेवत होतो. पुस्तक परत आणलं की शेवट वाचाले देत होतो. शेवटासाठी माणूस येतेच.”

“मग हे राहिले कसे?”

“काही बदलून गेले, काही मेले. त्यायचे शेवट हे असे राहिले.”

प्रत्येक फर्म्यावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने पुस्तकाचं नाव आणि नेणाऱ्याचं आडनाव लिहिलेलं होतं. मला हवा होता तो त्या गठ्ठ्यात निघाला. पानांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या, दुमडलेल्या जागी कागद तुटत होता, पण मजकूर शाबूत होता. काकाजींनी तो माझ्या हाती दिला तो अटीवर : पुस्तक छापून झालं की अख्खं पुस्तक आणून द्यायचं. तो फर्मा मी तिथेच ओसरीवर एकेक पान सपाट करून टिपला, आणि त्यांचा त्यांना परत दिला.

संहिता हाती आली की खरं काम सुरू होतं. जुनी पानं यंत्राने वाचून घेता येतात, पण झिजलेल्या खिळ्यांपुढे यंत्र हात टेकतं. तुटका ‘छ’ त्याला ‘ध’ दिसतो, शाई पसरलेली वेलांटी दिसतच नाही. म्हणून आमच्याकडे अजूनही एकीने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसरीने पडद्यावर पाहायचं, हीच पद्धत चालते. कान जे पकडतो ते डोळा सोडतो.

त्यातला मोठा प्रश्न लेखनाचा. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली ठरले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकात ‘नांव’, ‘पांच’, ‘केलें’, ‘त्यांत’ असे ठिपके पानभर पेरलेले असतात. चाळीस-पन्नासच्या दशकातल्या काही पुस्तकांत तर सावरकरांच्या लिपिसुधारणेतला ‘अि’, ‘अु’, ‘अे’ भेटतो. अभ्यासकांसाठीची आवृत्ती असेल तर मी एकही ठिपका हलवू देत नाही. पण सर्वसाधारण वाचकासाठी छापायचं तर लेखन आजचं करते, कारण अर्नाळकरांचा वाचक अडखळता कामा नये. तो अडखळला तर त्यांच्या लेखनाचा वेगच हरवतो. मात्र भाषेला हात लावत नाही. वाक्य लांबलेलं असो, एखादा शब्द आज चालत नसो, ते लेखकाचं आहे.

बोलीबाबत तर मी फारच हट्टी आहे. विदर्भातल्या लेखकाच्या पुस्तकावर बोलीची ओळख नसलेला मुद्रितशोधक बसला की तो ‘चुका’ दुरुस्त करत जातो आणि पात्रं एकाएकी शहरी बोलू लागतात. एकाच पानावर आई वऱ्हाडी आणि मुलगा पुणेरी, असली मुद्रितं माझ्या हातात आलेली आहेत. ती परत मूळ बोलीत आणणं हे आजवर केलेल्या कामातलं मला सर्वांत समाधान देणारं काम.

घाईत लिहिणाऱ्या लेखकाच्या खुणाही पुस्तकात असतात. पाचव्या प्रकरणात इन्स्पेक्टरचं आडनाव बदलतं, शनिवारनंतर शुक्रवार उगवतो. वाचकाचा गोंधळ होईल तिथे दुरुस्ती करायची आणि पुस्तकाच्या शेवटी तशी नोंद द्यायची, असा शिरस्ता मी ठेवला आहे. या घाईकडे मी आदराने पाहते. प्रकाशकाचा माणूस दारात उभा, मागचं प्रकरण छापखान्यात गेलेलं, पुढचं अजून डोक्यात. अशा परिस्थितीतही कथा हातातून निसटू न देणं हे कसब आहे, आणि ते कसब या लेखकांनी वर्षानुवर्षं टिकवलं.

उद्धव शेळक्यांचं उदाहरण मी नेहमी देते, कारण ते आपल्या विदर्भाचे. १९६० सालची त्यांची ‘धग’ मराठीतल्या श्रेष्ठ कादंबऱ्यांत मोजली जाते. शिंपी कुटुंबातल्या कौतिकचा तो झगडा विद्यापीठांत शिकवला गेला, त्यावर प्रबंध झाले. पण लेखणीवर घर चालवायचं म्हणून याच शेळक्यांनी लोकप्रिय कादंबऱ्याही ढिगाने लिहिल्या. समीक्षकांनी ‘धग’ उचलून घेतली आणि बाकीच्या लेखनाबद्दल हळहळ व्यक्त केली. १९९२ साली शेळके गेले. आज ‘धग’ सहज मिळते, उरलेल्यांपैकी कित्येकांची एक धड प्रत मिळवायला वणवण करावी लागते. त्या सगळ्या ‘धग’च्या तोडीच्या आहेत, असं मी म्हणत नाही. पण ‘धग’ लिहिणाऱ्या हातानेच त्या लिहिल्या. त्यांतल्या बायका, त्यांतली गावं, त्यांतलं बोलणं वाचल्याशिवाय शेळके पुरते कळले, असं कसं म्हणावं? आणि ज्या वाचकांनी त्या विकत घेतल्या, भाड्याने आणल्या, त्यांच्या पैशांवर हा लेखक जगला. त्या वाचकांनाही इतिहासात जागा हवी.

चंद्रकांत काकोडकरांचं नाव आज तरुण वाचकाला सांगितलं तर तो कोऱ्या चेहऱ्याने पाहतो. ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली काकोडकर निर्दोष ठरले. कायद्याचे विद्यार्थी तो निकाल अजून वाचतात. त्याच वर्षी त्यांच्या ‘निलांबरी’ कादंबरीवर बेतलेला ‘दो रास्ते’ देशभर चालला. एवढं सगळं ज्याच्या नावावर, त्याचं पुस्तक वाचनालयात मागितलं तर ‘जीर्ण’ हाच शेरा समोर येतो.

पुन्हा छापायचं ठरलं की कायद्याचा हिशेब करावा लागतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतो. आधी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क संपायची वेळ आली तेव्हा, १९९२ साली, ती वाढवली गेली. म्हणून १९१९ साली वारलेले ह. ना. आपटे किंवा १९२८ साली गेलेले नाथमाधव आज कोणीही छापू शकतो. अर्नाळकर १९९६ साली गेले. त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०५६ अखेरपर्यंत चालेल. शेळक्यांचा २०५२ अखेरपर्यंत. तोवर थांबायचं म्हटलं तर कागद थांबणार नाही. त्यामुळे वारस शोधणं आलंच.

हे शोधणं कागदोपत्री वाटतं तितकं कोरडं नसतं. पुस्तकावर लेखकाचा पत्ता नसतो, प्रकाशनसंस्था कधीच बंद पडलेली असते, पुष्कळदा लेखकाने एकरकमी पैसे घेऊन हक्कच विकलेला असतो आणि तो कागद कुणाकडेच नसतो. एका लेखकाच्या मुलीपर्यंत पोचायला मला बराच काळ लागला. फोनवर मी संमतीचा, मानधनाचा विषय काढला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, “ताई, तुमच्याकडे बाबांचं पुस्तक आहे? आमच्याकडे एकही नाही.” घर बदलताना, पुरात, वाळवीत, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाचायला देण्यात सगळं गेलं होतं. मी आधी छायाप्रत बांधून त्यांना पाठवली, मग करारपत्र. तेव्हापासून हाच क्रम ठेवला आहे.

ही पुस्तकं ज्यावर छापली गेली त्या कागदाचं आणि आमच्या जिल्ह्यांचं नातं तर रक्ताचं. १९४५ साली बल्लारपूरला कागद कारखान्याची कंपनी उभी राहिली आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू लगद्यासाठी तिकडे वाहू लागला. कारखान्याला तो स्वस्तात मिळे आणि गावातल्या माणसाला टोपल्यापुरता तोडायचीही भीती वाटे, अशी वर्षं गेली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ साली आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकायचा परवाना हाती घेतला. मराठीत साठ-सत्तरच्या दशकांत छापलं गेलेलं बरंच काही या रानाच्या बांबूवर उमटलेलं असणार. म्हणून या पुस्तकांकडे बघताना मला लेखक, जुळारी, वाचक यांच्याबरोबर बांबू तोडणाराही आठवतो. त्याच्या हातांत त्यातलं एखादं पुस्तक पोचलं असेल का, हा विचार सुटत नाही.

मागणी आहे का, असा प्रश्न प्रकाशक विचारतातच. २०१२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपुरात भरलं, वसंत आबाजी डहाके अध्यक्ष होते. ग्रंथप्रदर्शनात मी गाळ्यागाळ्यांवरून फिरले. खेड्यांतून आलेली पोक्त माणसं दबक्या आवाजात विचारत होती, “अर्नाळकर आहेत का?” दबका आवाज मला लागला. आपल्या आवडीबद्दल त्यांना कोणीतरी लाजायला शिकवलं होतं. पुढच्याच वर्षी ‘दुनियादारी’ पडद्यावर आला आणि महाविद्यालयातली मुलं सुहास शिरवळकरांची पुस्तकं उघड मागू लागली. शिरवळकर जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. २०१८च्या ‘तुंबाड’नंतर नारायण धारपांचं तसंच झालं. चित्रपटाने वाट दाखवली हे खरं, पण पुस्तकं तयार होती म्हणून वाचक त्यांच्यापर्यंत पोचू शकले. आज शे-दोनशे प्रतीही छापता येतात, लागतील तशा पुन्हा काढता येतात. जुळणी संगणकात कायम राहते, खिळे सोडावे लागत नाहीत. एकदा नीट केलेलं काम आता वाया जात नाही.

हे सगळं करताना नजर वारंवार नाटकमंडळ्यांच्या वडशाकडे वळते. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं रात्र-रात्र चालतात. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, आणि पहाटे माणसं बैलबंडीने, आता मोटारसायकलने, घरी परततात. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीच्या नटाचं नाव देशाने ऐकलं. पण नाटककारांचं काय? हजारोंनी पाहिलेल्या नाटकांच्या संहिता मी वह्यांमध्ये पाहिल्या आहेत : पेनाने लिहिलेल्या, खोडलेल्या, घामाने पुसट झालेल्या, प्रॉम्प्टरच्या पिशवीत राहिलेल्या. वहीवर लेखकाचं नाव नसतं, कारण मंडळीतल्या सगळ्यांना ते ठाऊक असतं. ते छापलेलं सापडतं फक्त पत्रकावर, आणि पत्रक दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेलं असतं. आमच्या मातीतले सर्वांत लोकप्रिय लेखक हे, आणि त्यांची पहिली आवृत्तीच निघायची राहिली आहे.

म्हणून सध्या मी एका प्रॉम्प्टरच्या वहीवरून नाटक उतरवून घेते आहे. झाडीबोलीतले संवाद नाटकाच्या बोलीत ठेवायचे, प्रयोगात नटांनी वाढवलेली वाक्यं वेगळी दाखवायची, गाण्यांच्या जागा नोंदवायच्या, आणि पहिल्या पानावर नाटककाराचं नाव, गाव आणि पहिल्या प्रयोगाचं साल घालायचं. वारसांशी बोलणं झालं आहे. पुस्तक निघाल्यावर ते चालेल की नाही, थोर ठरेल की किरकोळ, हे वाचकांनी आणि समीक्षकांनी खुशाल ठरवावं. पण निवाडा द्यायला लेखन समोर असावं लागतं, पूर्ण, शेवटच्या पानासकट आणि लेखकाच्या नावानिशी. तेवढं समोर ठेवणं माझ्या हातात आहे, आणि हात चालतात तोवर ते काम मी सोडणार नाही.